‘तो निवडलेलाच नव्हता’ असं कोणी म्हणालं तर

ताई, तुमचं पत्र लांब आहे, म्हणून प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. धाकटा भाऊ ४१ व्या वर्षी गेला. लिव्हर खराब झालं होतं. बारा वर्षं दारू, मंडळीत येणं कधीच सुटलेलं. इंदूरच्या कब्रस्तानात माती देऊन परतताना एका वडीलधाऱ्या नातेवाइकानं तुम्हाला समजावलं, “रडून काय उपयोग? तो निवडलेलाच नव्हता. जगाच्या स्थापनेआधीच ठरलेलं असतं.” घरी आलात तर सासूबाई, त्या हिंदू, मायेनं म्हणाल्या, “प्रारब्ध गं बाई. सटवीनं लिहिलेलं कोणाला पुसता आलंय?” तुम्हाला दोन्ही वाक्यं एकच वाटली आणि तुम्ही विचारलंत: आधीच ठरलं होतं तर त्याचा दोष काय? माझ्या बारा वर्षांच्या प्रार्थना कुठे गेल्या, फुकटच ना? आणि ईस्टरच्या पहाटे कब्रस्तानात नावं वाचतात तेव्हा त्याचं नाव द्यायचं की नाही?

मी निवृत्त पाळक आहे. छत्तीस वर्षं माळव्यात काढली. मी प्रेस्बिटेरियन घरातला, बायको बडोद्याच्या मेथडिस्ट घरातली. म्हणजे ज्या वादाबद्दल तुम्ही विचारताय तो आमच्या स्वयंपाकघरातच नांदतो. कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशनरी १८७७ साली इंदूरला आले, १८८७ मध्ये त्यांनी इंदूर ख्रिश्चन कॉलेज सुरू केलं. त्यांच्या पेटाऱ्यात सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारक कॅल्विनची शिकवण होती: देवानं निवडलं म्हणून मी विश्वास ठेवला. बडोद्याला आले ते अमेरिकन मेथडिस्ट, जॉन वेस्लीच्या परंपरेतले. त्यांची शिकवण अशी की देव सगळ्यांना हाक मारतो, आणि त्या हाकेला ‘नाही’ म्हणायची मुभा माणसाला खरोखर आहे. सासऱ्यांशी मी पहिल्यांदा बोललो ते लग्नाच्या याद्यांबद्दल नाही, याच विषयावर. चहा तीनदा झाला, निकाल लागला नाही.

तुमच्या नातेवाइकाचं वाक्य आधी बाजूला करतो. ते चुकीचं आहेच, पण ज्या शिकवणीच्या नावानं ते बोलले तिच्याच नियमानं चुकीचं आहे. कॅल्विनच्या परंपरेतला सगळ्यात वजनदार दस्तऐवज म्हणजे १६४० च्या दशकात लंडनला लिहिला गेलेला वेस्टमिन्स्टरचा विश्वासांगीकार. त्याचं तिसरं प्रकरण देवाच्या अनंतकालिक संकल्पाबद्दल आहे. त्याच्या शेवटच्या कलमात लिहिलंय की पूर्वनेमणुकीची, म्हणजे कोणाचं तारण होणार हे देवानं आधीच ठरवल्याची, ही अतिशय गूढ शिकवण विशेष शहाणपणानं आणि काळजीनं हाताळावी. औषधाच्या बाटलीवर ‘मुलांच्या हाती देऊ नये’ छापतात, तसं. कॅल्विननं स्वतः जुन्या काळचा बिशप ऑगस्टीन याचं एक म्हणणं मान्य करून पुढे ठेवलंय: निवडलेल्यांच्या संख्येत कोण आहे आणि कोण नाही हे आपल्याला ठाऊक नाही, म्हणून सगळ्यांचंच तारण व्हावं अशी इच्छा आपण धरावी. कब्रस्तानाच्या फाटकाशी उभं राहून कोणाचं नाव यादीत नाही हे सांगायचा अधिकार कॅल्विनकडेही नव्हता. तो त्यानं मागितलाही नव्हता.

आता शिकवणीकडे येऊ. आमच्या घरात जुनी माणसं ‘आगाऊ नेमलेले’ असा शब्द वापरत. लहानपणी मला त्याचं हसू यायचं, कारण घरात आगाऊ म्हणून मीच प्रसिद्ध होतो. नव्या करारात यासाठी जे ग्रीक क्रियापद आहे, प्रोओरिझो, त्याच्या पोटात ‘हद्द’ हा शब्द आहे. आधीच हद्द आखून ठेवणं. शेताला बांध घालतो तसं. हे क्रियापद अख्ख्या नव्या करारात फक्त सहा वेळा येतं. प्रेषितांच्या कृत्यांत ते ख्रिस्ताच्या वधस्तंभाबद्दल आहे, करिंथकरांस पहिल्या पत्रात देवाच्या ज्ञानाबद्दल. उरलेल्या चार वेळा, रोमकरांस आठव्या अध्यायात आणि इफिसकरांस पहिल्या अध्यायात, ते तारण पावलेल्यांबद्दल आहे: ख्रिस्तासारखं व्हावं म्हणून, लेकरं म्हणून दत्तक घ्यावं म्हणून. अमुक माणूस नरकासाठी आगाऊ नेमला, असं या क्रियापदानं एकदाही म्हटलेलं नाही.

यावर कोणी लगेच रोमकरांस पत्राचा नववा अध्याय पुढे करील. करावा, तो बायबलातच आहे. जुळ्या भावांपैकी याकोबावर देवाची प्रीती, एसावाचा द्वेष. मिसरच्या राजाचं, फारोचं, मन कठीण केलं. कुंभाराला मातीवर अधिकार नाही काय? हा अध्याय गोड करून सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. तो कडक आहे. पण तो वाचताना काही गोष्टी डोळ्यांआड होतात. नाशासाठी तयार झालेल्या पात्रांबद्दल पौल जिथे लिहितो तिथे त्यांना कोणी तयार केलं ते तो सांगत नाही. गौरवासाठीच्या पात्रांबद्दल मात्र देवानं ती आधी तयार केली असं स्पष्ट म्हणतो. मराठीत ‘कप फुटला’ आणि ‘मी कप फोडला’ यात जो फरक आहे तोच. फारोचंही तसंच. निर्गमाच्या पुस्तकात मिसरवर पीडा सुरू होतात तेव्हा फारोचं मन कठीण झालं, किंवा त्यानं स्वतःच ते कठीण केलं, असं पुन्हा पुन्हा येतं. सहाव्या पीडेच्या वेळी पहिल्यांदा असं येतं की परमेश्वरानं त्याचं मन कठीण केलं. अर्थात त्याच्या बऱ्याच आधी, चौथ्या अध्यायात, देव मोशेला सांगून चुकला आहे की मी त्याचं मन कठीण करीन. दोन्ही बाजू त्याच गोष्टीत आहेत. एक खोडून दुसरी ठेवणं ही वाचणाऱ्याची चलाखी.

आणि कुंभार. नवव्या अध्यायातला कुंभार लोकांना पाठ असतो, यिर्मयाच्या अठराव्या अध्यायातला सहसा नसतो. तिथे संदेष्टा कुंभाराच्या घरी जातो. चाकावरचं मडकं हातातच बिघडतं, कुंभार त्याच मातीचं दुसरं पात्र घडवतो. मग देव म्हणतो, एखाद्या राष्ट्राचा नाश करीन असं मी बोललो आणि ते राष्ट्र वाईटापासून वळलं, तर मीही माझा बेत बदलीन. म्हणजे ज्या दाखल्यावरून आपण ‘माती काय बोलणार’ म्हणतो, तोच दाखला मुळात ‘वळा, अजून वेळ आहे’ हे सांगायला आला होता. पौलही नवव्या अध्यायाशी थांबत नाही. अकराव्याच्या शेवटी तो म्हणतो की देवानं सर्वांना आज्ञाभंगात कोंडलं, ते सर्वांवर दया करावी म्हणून. नववा वाचून पुस्तक मिटणं म्हणजे डॉक्टरांनी रोग सांगितल्याबरोबर उठून चालू लागण्यासारखं आहे.

इतिहास थोडक्यात. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पेलागियस नावाचा ब्रिटनचा तपस्वी सांगायला लागला की माणसानं मनावर घेतलं तर तो पाप न करता जगू शकतो. ऑगस्टीनचं स्वतःचं आयुष्य वेगळंच सांगत होतं. इच्छा किती लंगडी असते हे त्याला अनुभवानं माहीत होतं. ४१८ साली कार्थेजच्या परिषदेनं पेलागियसचं मत नाकारलं. पण ५२९ मध्ये फ्रान्समधल्या ऑरेंजच्या परिषदेनं कृपा आधी येते हे मान्य करतानाच, देव कोणाला वाईटासाठी नेमतो या मताला साफ नकार दिला. ही दुसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. हजार वर्षांनी धर्मसुधारक लूथरनं इरॅस्मस या विद्वानाला उत्तर म्हणून इच्छेच्या गुलामीवर पुस्तक लिहिलं, १५२५ मध्ये. त्यानंतर कॅल्विन. आपल्याकडे लोकांना वाटतं कॅल्विननं दुसरं काही लिहिलंच नाही. ‘इन्स्टिट्यूट्स’ या त्याच्या मुख्य ग्रंथाच्या १५५९ च्या शेवटच्या आवृत्तीत त्यानं हा विषय देवाच्या स्वरूपाच्या भागात घातलेला नाही. माणसाला ख्रिस्ताची कृपा कशी मिळते त्या भागात, तेही बरंच पुढे गेल्यावर, तो आणला आहे. म्हणजे विश्वासात आलेल्या माणसानं मागे वळून पाहिल्यावर बोलायची ही गोष्ट. नाकारलेल्यांबद्दलच्या संकल्पाला त्यानं स्वतः ‘भयंकर’ म्हटलं, आणि मी निवडलेला आहे की नाही हे कळायला आरसा एकच, ख्रिस्त, असंही लिहिलं. देवाच्या गुप्त दप्तरात डोकावू नका, तो चक्रव्यूह आहे, हा इशाराही त्याचाच.

त्याच्या शिष्यांना मात्र दप्तराची फार ओढ. हॉलंडमध्ये आर्मिनियस नावाच्या प्राध्यापकानं म्हटलं की देवानं माणसाचा विश्वास आधी पाहिला आणि त्यानुसार निवड केली. १६०९ मध्ये तो वारला. पुढच्या वर्षी त्याच्या अनुयायांनी पाच कलमं मांडली. त्यांना उत्तर द्यायला १६१८-१९ मध्ये डॉर्ट्रेख्टला सहा महिन्यांच्या वर भरलेली मोठी परिषद. कॅल्विनवादाचे पाच मुद्दे म्हणून जे मोबाईलवर फिरतात ते या पाच उत्तरांतून निघाले. कॅल्विन तोवर जाऊन पन्नासच्या वर वर्षं झाली होती. परिषद संपता संपताच आर्मिनियसवाल्यांचा पाठीराखा, एकाहत्तर वर्षांचा मुत्सद्दी ओल्डनबार्नफेल्ट, याचं डोकं उडवण्यात आलं. ह्यूगो ग्रोशियस नावाचा विद्वान जन्मठेपेत गेला आणि १६२१ मध्ये पुस्तकांच्या पेटीत लपून तुरुंगातून निसटला, युक्ती बायकोची. देवाच्या कृपेवरचा वाद राजकारणात शिरला की काय होतं त्याचा हा नमुना. असो. त्याच परिषदेच्या समारोपात हेही लिहिलंय की निवड जशी विश्वासाचा उगम आहे, त्याच रीतीनं देवाचं नाकारणं अविश्वासाचं कारण आहे, हे मत आम्हाला मान्य नाही. तुमच्या नातेवाइकांना हे दाखवा. रागानं नको, चहा देऊन दाखवा.

कॅथलिकांत हाच तंटा डॉमिनिकन आणि जेझुइट या दोन धर्मसंघांत झाला. रोममध्ये जवळजवळ दहा वर्षं सुनावण्या चालल्या आणि १६०७ मध्ये पोपनं निकाल न देताच त्या मिटवल्या. मला तो पोप फार आवडतो.

पण ताई, तुमचा पहिला प्रश्न इतिहासानं सुटत नाही. त्याचा दोष होता का?

व्यसनी माणसांबरोबर ज्यांनी काम केलंय त्यांना इच्छास्वातंत्र्य हा शब्द सहज तोंडून काढता येत नाही. ‘त्याला सोडायचीच नव्हती’ हे घरचे म्हणतात, आणि ते खोटं असतं. सकाळी दहा वाजता त्याला सोडायची असते, मनापासून. त्यानं तुमच्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती, असं तुम्ही लिहिलंय. ती शपथ नाटकी नव्हती. संध्याकाळी सातला तोच माणूस दुकानाच्या जाळीशी उभा. त्याला हवं ते करायचं स्वातंत्र्य होतं. काय हवं असावं, हे ठरवायचं स्वातंत्र्य उरलं नव्हतं. रोमकरांस सातव्या अध्यायात पौल हेच स्वतःबद्दल लिहितो: करावंसं वाटतं ते करत नाही, ज्याचा द्वेष करतो तेच करतो. ऑगस्टीन आणि लूथर ‘बांधलेली इच्छा’ म्हणतात ती हीच. पुस्तकात वाचली तेव्हा मला ती अतिशयोक्ती वाटली होती. इस्पितळाच्या वॉर्डात वाटली नाही.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची पहिली पायरी कबुलीची आहे: दारूपुढे आम्ही हतबल आहोत. दुसऱ्या पायरीत आपल्याहून मोठ्या शक्तीचा विश्वास. पण त्या बैठकीला जायचं ते स्वतःच्या पायांनी, सायंकाळी, पाऊस असला तरी. हतबल आहे असं म्हणणारा माणूस चपला घालून निघतो. या एका दृश्यात मला अर्धं धर्मशास्त्र दिसतं. फिलिप्पैकरांस पत्रात पौल एका दमात म्हणतो: भीत व कापत आपलं तारण साधून घ्या, कारण इच्छा करणं आणि कृती करणं हे तुमच्यात घडवणारा देव आहे. त्यानं मध्ये ‘पण’ घातलेला नाही, ‘कारण’ घातलंय. माझ्या सासऱ्यांचं बोट नेहमी पहिल्या अर्ध्यावर असे, माझं दुसऱ्यावर. वाक्य एकच.

तेव्हा दोष होता का? होता. आणि तो आजारीही होता. घरच्यांना यातलं एकच खरं असावं असं वाटतं, कारण मग एकतर फक्त राग धरता येतो किंवा फक्त दया. तुम्हाला दोन्ही आलं, म्हणजे तुम्ही त्याला नीट ओळखत होता.

इथे एक बारीक गोष्ट सांगतो, कारण मेथडिस्टांवर नेहमी अन्याय होतो. आर्मिनियस किंवा वेस्ली असं कधीच म्हणाले नाहीत की माणूस आपल्या बळावर देवाकडे जातो. ते पेलागियसचं मत. वेस्लीचं म्हणणं असं की आधी कृपा येते, सगळ्यांकडे येते, आणि बांधलेल्या इच्छेची गाठ एवढी सैल करते की तिला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता यावं. वेस्लीनं १७३९ साली पूर्वनेमणुकीविरुद्ध जहाल प्रवचन दिलं, त्याचा मित्र जॉर्ज व्हाइटफिल्ड कॅल्विनवादी, दोघांचं बिनसलं. पण १७७० मध्ये व्हाइटफिल्ड वारला तेव्हा त्याच्या स्मरणार्थ प्रवचन करायला उभा राहिला तो वेस्लीच.

आता प्रार्थनांचं. ‘देवाला सगळं आधीच माहीत, मग मागायचं कशाला’ हा प्रश्न मला रविवारच्या शाळेतल्या मुलांपासून जिल्हा न्यायाधीशांपर्यंत सगळ्यांनी विचारलाय. माहीत असणं आणि घडवणं यात फरक आहे, हे पहिलं उत्तर. थॉमस अक्वायनसनं तेराव्या शतकात डोंगरावरून रस्ता पाहणाऱ्या माणसाचा दाखला दिला. आपण इंदूरचे, आपण रंगपंचमीची गेर घेऊ. राजवाड्याजवळच्या गच्चीवर उभ्या असलेल्याला मिरवणुकीचं तोंड आणि शेपूट एकाच वेळी दिसतं. खाली गर्दीत असलेल्याला फक्त पुढच्याची रंगलेली पाठ. गच्चीवरच्याला दिसतंय म्हणून खालचा चालतोय असं नाही. देवाचं ज्ञान असं, काळाच्या गच्चीवरून. दाखला चांगला आहे, पण अपुरा: गच्चीवरच्या माणसानं गेर काढलेली नसते, रस्ता बांधलेला नसतो. देवानं दोन्ही केलंय असं आपण मानतो. म्हणून ‘त्याला फक्त माहीत होतं’ एवढ्यावर सुटका होत नाही.

कवी नारायण वामन टिळकांची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एक युरोपियन गृहस्थ भेटले, त्यांनी नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगितलं. १८९५ च्या फेब्रुवारीत टिळकांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला. भाकितानं ते ख्रिस्ती झाले का? नाही, ते वाचत गेले, भांडत गेले, रात्री जागत गेले. आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना तर कोणी भाकीत सांगितलं नव्हतं. त्यांनी आपल्या मतानं, आपल्या वेळेला, सुमारे पाच वर्षांनी बाप्तिस्मा घेतला. हे दोघं निवडलेले होते का? आज मागे पाहून मंडळी आनंदानं ‘हो’ म्हणते. १८९६ साली लक्ष्मीबाईंकडे पाहून कोणी ‘ही निवडलेली नाही’ म्हणाला असता तर? निवडीबद्दलचं वाक्य मागे पाहून, आभार मानत, स्वतःबद्दल बोलायचं असतं. पुढे पाहून दुसऱ्याबद्दल बोललं की त्याचं ज्योतिष होतं, आणि तेही अमंगळ.

प्रार्थनेचं दुसरं उत्तर मला प्रेषितांच्या कृत्यांच्या सत्ताविसाव्या अध्यायात सापडलं; या विषयावर मला एकच उतारा ठेवायचा असेल तर मी तोच ठेवीन. पौल कैदी म्हणून रोमला निघालाय, जहाज वादळात, माणसं २७६. देवदूतानं पौलाला सांगितलंय की जहाज जाईल, पण एकाचाही जीव जाणार नाही. पौल सगळ्यांना ते सांगतो. म्हणजे ठरलं. पुढे मध्यरात्री खलाशी नांगर टाकायच्या मिषानं होडी खाली सोडून पळायच्या बेतात असतात, तेव्हा तोच पौल शताधिपतीला म्हणतो: हे तारवात राहिले नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही. शिपाई दोर कापतात. मग पौल सगळ्यांना आग्रह करून जेवायला लावतो.

एकाचाही जीव जाणार नाही हे ठरलेलं, आणि दोर कापला नाही तर जातील. पौलाला यात विसंगती वाटत नाही. देवानं शेवट ठरवला तेव्हा दोरही ठरवला, चाकूही, आणि त्या शिपायाचा हातही. पण हात शिपायाचाच होता. वेस्टमिन्स्टरवाल्यांनी हेच कायद्याच्या भाषेत लिहिलं: देवाचा संकल्प माणसाच्या इच्छेवर बळजबरी करत नाही आणि साधनांचं महत्त्व काढून घेत नाही. तुमच्या प्रार्थना त्या साधनांतल्या. त्यांनी दारू सुटली नाही हे खरं, मी त्याला मुलामा देत नाही. पण ‘फुकट’ हा शब्द तुम्ही घाईनं वापरलात. त्याबद्दल शेवटी लिहितो.

सासूबाईंच्या वाक्याचं उत्तर सोपं आहे आणि त्यांना ते द्यायची गरज नाही; त्या तुमच्या दुःखात सहभागी होत होत्या. पण तुम्हाला फरक कळायला हवा. सटवी सहाव्या रात्री येते, कपाळावर लिहून जाते, तिच्याशी बोलता येत नाही. प्रारब्धात आपलंच मागचं केलेलं पुढे येतं. तिथे हिशेब चोख, दया नाही. ख्रिस्ती पूर्वनेमणूक, कॅल्विनच्या तोंडची सुद्धा, हिशेबाच्या उलट आहे: केलेल्या कर्मांवरून नाही, कृपेवरून. आणि ती मुळात तारणाबद्दल आहे. बस चुकली, नोकरी गेली, लिव्हर बिघडलं या गोष्टींचा जाबजबाब या शिकवणीकडे मागायचा नसतो. त्यासाठी देवाच्या तजविजीचा, म्हणजे तो जग कसं चालवतो याचा, वेगळा विषय आहे. आपल्या ख्रिस्ती घरांत हे दोन्ही एकमेकांत कालवलं जातं आणि वर ‘असेल माझा हरी’ची फोडणी बसते. दैव देतं आणि कर्म नेतं म्हणणारी आपली भाषा या बाबतीत आपल्याहून सावध आहे.

हे कालवण मीही केलंय. पाळक होऊन दोनच वर्षं झाली होती. एका वस्तीत तीन वर्षांचा मुलगा तापानं गेला. मी आईजवळ बसलो आणि पाठ केलेलं वाक्य बोललो, “देवाची इच्छा, बाई.” तिनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “मग रात्रभर मी त्याच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या, त्या काय देवाच्या विरुद्ध?” मला उत्तर आलं नाही. पुढे कळलं की त्या पट्ट्या हीच देवाची इच्छा होती, ताप नव्हे. येशूनं भेटलेल्या एकाही आजाऱ्याला ‘हा बापाचा संकल्प, सोसा’ असं सांगितलेलं नाही. ज्याला तो पुन्हा जिवंत करणार होता त्या मित्राच्या, लाजराच्या, थडग्याशी तो रडला, आणि त्याला तर पाच मिनिटांत काय होणार ते माहीत होतं. ती बाई नंतर माझ्या प्रवचनाला कधी आली नाही. बरोबर केलं तिनं.

मी कुठे उभा आहे ते विचाराल, म्हणून सांगतो. माझ्या विश्वासाचा आरंभ माझ्यात नव्हता याबद्दल मला शंका नाही; तेवढा मी प्रेस्बिटेरियन राहिलो. देवानं काही लोक नाशासाठीच घडवले, हे मी स्वीकारत नाही. सर्व माणसांचं तारण व्हावं अशी त्याची इच्छा आहे, असं तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे. तिथे ‘सर्व’ म्हणजे सर्व प्रकारची माणसं, असं कॅल्विनवादी म्हणतात. त्या उताऱ्यात राजांचा उल्लेख असल्यामुळे त्यांचं म्हणणं अगदीच निराधार नाही. पण यरुशलेमेकडे पाहून कोंबडी पिलांना पंखांखाली घेते तसं मला तुम्हाला जवळ घ्यायचं होतं, तुमची इच्छा नव्हती, असं येशू म्हणतो, तो आवाज नाटकी आहे असं मी मानू शकत नाही. ही दोन टोकं कुठे मिळतात ते मला दाखवता येत नाही. बायको म्हणते, “छत्तीस वर्षं पगार घेतलात तो कशाचा?”

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य, जे तुम्ही दुसऱ्याच कशाबद्दल सांगताना ओझरतं लिहिलंय. शेवटच्या आठवड्यात तुम्ही डबा घेऊन गेलात, तो भिंतीकडे तोंड करून पडला होता, आणि त्यानं वळून न पाहता विचारलं, “अजून म्हणतेस का माझ्यासाठी?” तुम्ही ‘हो’ म्हणालात. तो काही बोलला नाही, डबाही उघडला नाही. तुम्ही लिहिलंय की त्याला ते आवडलं नसावं.

मी शेकडो खाटांशेजारी बसलोय. ज्याला नको असतं तो हे विचारत नाही. यापुढे मी काही सांगू शकत नाही. येशूशेजारी वधस्तंभावर मरणाऱ्या चोराला एक वाक्य पुरलं होतं, तुमच्या भावाचं हे वाक्य होतं की नाही हे मला ठाऊक नाही. पण बारा वर्षं कोणी म्हणत नसतं तर त्याला विचारायला काही राहिलंच नसतं.

नाव द्या. नातेवाईक काही म्हणाले तर म्हणू द्या. ईस्टरची यादी ही कोण निवडलेला त्याची यादी नसते, आपण कोणाला माती दिली त्याची असते. गुड फ्रायडेच्या आधी चिठ्ठी पाळकांकडे पोचवा. पूर्ण नाव लिहा, घरचं नाव नको, आणि अक्षर मोठं काढा. पहाटे साडेपाचला तिथे उजेड नसतो, वाचणारा अडखळतो.